वाऱ्याचा वाटा

आमच्या नृसिंहवाडीत संकटाला उत्तर ठरलेलं : "महाराजांची इच्छा." दत्तमहाराजांच्या पायाशी वाढलेल्या गावाला ते शोभतंही. पण रायफलवाल्या पोरांशी बोलल्यापासून त्या उत्तराची हद्द कुठं आखायची, हा प्रश्न मला पडलाय.

तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या ऑलिंपिकात कांस्य आणलं. दोघांचीही रायफल छोट्या गोळीची, पॉइंट टू-टूची. निशाणा ५० मीटरवर. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. गोळी पोचायला सेकंदाचा साधारण सहावा भाग, पण तेवढ्यात साधी झुळूकही तिला बाजूला सारते. म्हणून १० आणि ३० मीटरवर कापडी पट्ट्या टांगतात. पट्टी हलली की कुणी साइट फिरवतो, कुणी मुद्दाम बाजूला नेम धरतो, कुणी झुळूक जाईस्तोवर थांबतो.

आमच्या नावाड्यांना हे नवं नाही. लहानपणी कुरुंदवाडला जाताना नावेचं तोंड भलतीकडंच दिसायचं. विचारलं, तर मामा म्हणायचे, "वर धरली तरच समोर लागंल, बाळ."

लोक गीतेचा दाखला देतात : नेम आपला, फळ देवाचं. मान्य. पण वारा कशात मोजायचा, फळात की कर्मात? मला वाटतं, दिसतो तो वारा कर्मातच. चाप ओढल्यावर उलटेल तेवढाच देवाचा. म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. एरवी आपण सगळाच वारा महाराजांच्या नावावर लिहून मोकळे होतो.

हा हिशेब मळीच्या रानाला लावून बघितला. २००५ला पुरात ऊस गेला, त्याला मी नशीब म्हणेन. २०१९ला त्याच रानातला पुन्हा गेला, तेव्हा मात्र जीभ अडखळते. पण ज्याला मळीशिवाय रानच नाही, त्याला पट्टी दिसूनही काय उपयोग? त्याची साइट फिरतच नाही.

शेजारच्या तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या नेमबाजाला थांबता येतंय, मास्तर. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टातच करावी लागती. आन् पाणी बी तवाच येतंय."