काय करायचे आणि काय करावे

पंचांगाने माघ आणि फाल्गुन हे दोन महिने शिशिराच्या नावावर लिहून दिले आहेत. पण पुण्यात त्या बिचाऱ्याला आपल्या वतनाचा उपभोग कधी धड घेता येत नाही. पहाटे पारा 12 अंशांच्या आसपास असतो, म्हणून माणसे शाल पांघरून दूध आणायला निघतात. दुपारी तो 30 च्या वर चढतो, म्हणून तीच माणसे पंख्याखाली सरकतात. रस्त्यावर पानगळीचा सडा असतो आणि प्रत्येक घरात एकाला तरी खोकला झालेला असतो. अशात एखाद्या वर्षी आभाळ भरून येते आणि नको त्या वेळी पाऊस कोसळतो. जूनमधला पाऊस हा ठरलेला पाहुणा. तो यायच्या आधी गटारे उपसली जातात, छत्र्या दुरुस्त होतात, घरावरची गळकी जागा बुजवली जाते. फाल्गुनातला पाऊस आगंतुक असतो. छत्र्या माळ्यावर, रेनकोट ट्रंकेत, गटारात चार महिन्यांची वाळलेली पाने. तासाभरात साऱ्या शहराचा चिखल होतो.

अशा दिवशी शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत हमखास एक प्रश्न निघतो : "आता करायचे काय?" मैदानावर खेळ घेता येत नाहीत, सहल निघत नाही, रविवार असला तर सिंहगड चढायचा बेत बारगळतो. मी मराठी शिकवतो. क्रियापदाचे एक रूप बदलले की सारा अर्थ बदलतो, हे मुलांच्या गळी उतरवण्यात माझी बरीच वर्षे गेली. पण "काय करायचे" आणि "काय करावे" यांत किती अंतर आहे, ते मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवले नाही. ते एका अवकाळी पावसाने शिकवले.

2014 सालची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी जो धुमाकूळ घातला, तो अनेकांना आठवत असेल. महाशिवरात्र होऊन गेली होती. मार्चमधला एक रविवार होता. सकाळपासून अंधारून आले होते आणि माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, खिडकीशी नाक लावून बसली होती. मी ठरवले की या दिवसाचे सोने करायचे.

आम्ही प्रथम केळकर संग्रहालयात गेलो. पाऊस असला की तिथे जावे, असे माझे मत आहे. एका माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, कोरीव दरवाजे गोळा केले आणि त्या साऱ्याला लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. बाहेर पाण्याची धार लागलेली असताना त्या शेकडो विझलेल्या दिव्यांसमोर उभे राहिले की घर म्हणजे काय, ते कळते. मुलीला अडकित्ते आवडले. तिथून जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला गेलो. आठव्या शतकात एकाच खडकातून कोरून काढलेले ते देऊळ. मंडपाच्या दगडी छपराखाली उभे राहून आम्ही समोरच्या गोल नंदीमंडपावर पडणारा पाऊस पाहिला. परतताना बारीक गारा पडल्या. मुलीने त्या ओंजळीत धरल्या. घरी आल्यावर पत्नीने कांद्याची भजी तळली. मी पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसलो आणि खरेच सांगतो, त्या घटकेला मला जगात काही कमी वाटत नव्हते.

सुख झाले की ते कुणाला तरी सांगावेसे वाटते. मी गावी दादाला फोन लावला. आमचे गाव जुन्नर तालुक्यात. वडिलांच्या मागे दादाने शेत सांभाळले आणि मी शहरात मास्तरकी धरली. दादाची दोन एकर द्राक्षबाग आहे. मी म्हणालो, "दादा, इकडे काय झकास पाऊस पडतोय! भजी चालली आहेत."

पलीकडे काही वेळ नुसता पावसाचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "खावा, खावा. इकडं गारा पडल्या." आणि त्याने फोन ठेवला.

द्राक्षबागेचा हिशेब शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की तिथून घड तयार होईपर्यंत चार-साडेचार महिने माणूस बागेचा गुलाम असतो. मण्यात गोडी भरते, साल ताणून पातळ होते आणि नेमक्या त्या वेळी पाऊस झाला तर मणी पाणी ओढून घेतो, फुगतो आणि तडकतो. तडकलेल्या मण्यातून रस गळतो, त्यावर बुरशी धरते आणि एका मण्याबरोबर सारा घड जातो. गारांचे तर बोलायलाच नको. उभा गहू लोळतो, ज्वारीचे दाणे काळे पडतात, काढलेला कांदा सडतो. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही तोंडातून 'झकास' निघाले, कारण त्या घटकेला मी शेतकऱ्याचा भाऊ नव्हतो, मी पुणेकर होतो.

भजी थंड झाली. मी ती खाल्ली नाहीत. पण या गोष्टीत माझा अपराध तो नव्हे. तो दोन दिवसांनी घडला.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी मंडईवरून येत होतो. मंडईची ती अष्टकोनी इमारत 1886 साली खुली झाली, तेव्हा तिला एका इंग्रज गव्हर्नरचे नाव होते. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते, ज्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. बाहेर हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागले होते. डागाळलेली, काही तडकलेली, पण गोड. विक्रेता चाळीस रुपये किलो म्हणत होता. मी एक घड उचलला, डाग दाखवले आणि म्हणालो, "पावसाचा माल आहे हा, उद्या फेकून द्यावा लागेल तुला. पंचविसाने दे." त्याने कुरकुर केली आणि दिली. मी दोन किलो घेतली. तीस रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी आलो.

पत्नीने द्राक्षे धुवायला घेतली. तिने एक घड हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अहो, ही दादांच्या बागेतली तर नसतील?"

ती टोमणा मारत नव्हती. तिने साधा प्रश्न विचारला होता. मला उत्तर देता आले नाही.

नीतिशास्त्राचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला : जो ढग एकाच्या घरात चूल विझवतो, त्याच ढगाखाली दुसऱ्याने भजी तळावीत का? दुसऱ्याच्या दुःखाच्या दिवशी आपल्याला झालेला आनंद हा गुन्हा आहे का?

शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना विचारले. पुण्यात हवामानाच्या गप्पांना एक परंपरा आहे. 1928 साली साऱ्या देशाच्या हवामान खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून इथे आले आणि पुढे ते दिल्लीला गेले तरी शिवाजीनगरच्या त्या जागेला लोक अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. मास्तर म्हणाले, "हे बघा, भूमध्य समुद्राकडून निघालेली थंड हवेची लाट इराण-अफगाणिस्तानवरून इकडे येते. बंगालच्या उपसागराकडून दमट वारे येतात. दोन्हींची गाठ पडते, हवा वर उसळते, पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात, पापुद्र्यावर पापुद्रे चढून जड होतात आणि खाली पडतात. गार मधोमध कापून बघा, कांद्यासारखे थर दिसतील. यात तुमच्या भज्यांचा संबंध कुठे येतो? तुम्ही उपास केला असता तर दादांचा एक मणी तरी वाचला असता का?"

युक्तिवाद बिनतोड होता. तरी समाधान झाले नाही. बिनतोड युक्तिवादाने समाधान झाले नाही म्हणजे समजावे की आपण प्रश्नच चुकीचा विचारला आहे.

मग मी दुसरे टोक गाठले. पुढच्या रविवारी पुन्हा पाऊस आला. मी ठरवले, आज आनंद करायचा नाही. भजी नको म्हटले, रेडिओ बंद केला, खिडकीला पाठ करून बसलो. तासाभराने मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणावर रागावलात?" मला लाज वाटली. माझ्या उदास चेहऱ्याने जुन्नरच्या एका वेलीलाही आधार मिळणार नव्हता. मात्र मी भला माणूस आहे, असे मला स्वतःला वाटू लागले होते. दुसऱ्याच्या दुःखावर आपल्या सज्जनपणाची वेल चढवायची, हा भज्यांहून महागडा चैनीचा प्रकार होता.

होळीला मी गावी गेलो. बाग पाहिली. घडांना काळे डाग पडले होते, वेलींखाली मणी सडत होते आणि त्यांचा आंबट वास साऱ्या शिवारात भरला होता. वहिनींनी नेहमीसारखी पुरणपोळी केली होती. जेवताना दादाच विषय काढून म्हणाला, "गारा पडल्या तवा आमचं धाकटं काय करत व्हतं, ठावं हाय? वाटी घिऊन अंगनात गारा येचत व्हतं. मी बागंत डोक्याला हात लावून बसलेला, आन ह्यो गारा खातोय. म्हनला, बाबा, साखरंवानी गार लागत्यात."

"मग तू काय केलेस?"

"काय करनार? पोरगं हाय. गारा पडल्या तर येचनारच."

थोडा वेळ तो बोलला नाही. मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "आभाळाचं कायबी वाटत नाय रं मला. त्याला काय बोलायचं? पर व्यापारी इसार देऊन गेला व्हता. त्यानं डाग बघितलं आन सौदा मोडला. बरा माल बी हुता त्यात, त्यो बी पाडून मागितला. शेवटी दिला. ते मात्र लागलं."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. मंडईजवळच्या गाडीवर घड हातात घेऊन डाग दाखवणारा माणूस मला दिसत होता.

तेव्हा मला माझ्या प्रश्नातली चूक कळली. मी आनंदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते आणि आनंद तर निर्दोष होता. दादाच्या अंगणात, त्याच गारांखाली, त्याच्या स्वतःच्या मुलाला तो झाला होता आणि दादाने तो क्षमा केला नव्हता. त्यात क्षमा करण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटलेच नव्हते. भजी गुन्हेगार नव्हती. पाताळेश्वराच्या मंडपातला तो अर्धा तासही नव्हता. ढग पडून गेल्यावर माणूस माणसाशी जो व्यवहार करतो, तिथून पापपुण्य सुरू होते. आभाळाने दादाला आडवे पाडले, यात कुणाचा दोष नाही. पण आडव्या पडलेल्या माणसाकडून वस्तू स्वस्तात घ्यायची, हे आभाळ करीत नाही. ते व्यापाऱ्याने केले. तेच, दोन किलोच्या मापाने, मी केले.

कुणी म्हणेल, गाडीवाल्याने ती द्राक्षे आधीच कवडीमोलाने घेतली असतील, तुझे तीस रुपये जुन्नरपर्यंत थोडेच पोहोचणार होते? खरे आहे. पण उद्या व्यापारी बागेत जाऊन भाव पाडतो, तो आज गाडीवर आपण पाडलेला भाव खिशात घेऊनच जातो. शिवाय गाडीवालाही त्याच पावसात भिजत उभा होता. त्याचा माल उद्या फेकला जाईल, हे मी त्याला ऐकवले होते, आणि ते खरे होते म्हणूनच त्याचा गळा धरायला उपयोगी पडले. सत्याचा असा उपयोग शाळेत एखाद्या मुलाने केला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

आता अवेळी आभाळ भरून आले आणि शिक्षकांच्या खोलीत "आज करायचे काय?" असा प्रश्न निघाला की मी उत्तर देतो. संग्रहालयात जा, देवळात जा, मुलांना गारा वेचू द्या, एक गार कापून तिचे पापुद्रे दाखवा. भजी तळा. यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र ज्यांचे कुणी गावाकडे आहे, त्यांनी आपल्या पावसाचे कौतुक सांगण्याआधी तिकडच्या पावसाची विचारपूस करावी. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात डागाळलेला माल दिसला तर सांगितला तो भाव द्यावा, नाहीतर पुढे जावे.

त्या द्राक्षांची गोष्ट मी दादाला अजून सांगितलेली नाही. गेल्या वर्षांत अनेकदा जिभेवर आली आणि परत गेली. पण माझे काही छापून आले की दादा जुन्नरच्या बाजारातून तो दिवाळी अंक विकत घेतो आणि पाडव्याच्या दुपारी ओटीवर बसून चष्मा लावून वाचतो. हाही वाचेल. भाऊबीजेनंतर मी गावी जाणार आहे. तोवर बागेची छाटणी झालेली असेल. तो काय म्हणतो, ते पाहायचे.