रागाचे सख्खे-चुलत

रामबाग, इंदूर

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गोष्ट वाचली, सोबतची यादीही वाचली. गोष्टीत ‘राग’, ‘दुःख’ आणि ‘आनंद’ हे तीनच शब्द फिरून फिरून येतात म्हणून मॅडमनी समानार्थी शब्द शोधायला सांगितले आणि तू ते कोशातून नीट उतरवून काढलेस. राग म्हणजे क्रोध, कोप, संताप, रोष, चीड, त्वेष. आता यातला कुठलाही उचलून ‘राग’च्या जागी बसवला तर चालेल का, असं विचारतेस. नाही चालणार. डबा न खाता परत आणला म्हणून आई मुलीवर ‘कोपली’ असं लिहिलंस, तर ती बिचारी स्वयंपाकघरातून थेट पुराणात जाऊन पडेल. देव कोपतो, निसर्ग कोपतो, फार तर एखादा ऋषी. आई रागावते.

हे शब्द सख्ख्या-चुलत भावंडांसारखे असतात. तोंडवळा एक, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं. राग कुणावरही येतो, रस्त्यात आडवी गाडी घालणाऱ्या अनोळखी माणसावरसुद्धा. रुसवा मात्र आपल्या माणसावरच. भाजीवाल्यावर रुसता येत नाही. रुसणाऱ्याला मनातून खात्री असते की आपली समजूत काढायला कुणीतरी येणार आहे. पूर्वी लग्नात विहीणबाई रुसायच्या त्या याच भरवशावर. चीड बहुधा माणसापेक्षा गोष्टीची येते: लबाडीची, अन्यायाची. त्रागा करणारा स्वतःचेच हाल करून घेतो, ‘मी जेवणारच नाही’ म्हणतो आणि उपाशी झोपतो. चडफड होते तेव्हा राग पुरेसा असतो, पण हात बांधलेले असतात. आदळआपटीत हात मोकळे असतात आणि भांड्यांचं काही खरं नसतं. आगपाखड तोंडानं चालते. धुसफूस दोघांत किंवा घरात चालते, दिवसेंदिवस चालते आणि बाहेरच्याला कळत नाही. वैतागात रागापेक्षा थकवा जास्त. तुझ्या गोष्टीतली आई तिसऱ्या पानावर रागावलेली नाहीच, ती वैतागलेली आहे. सकाळपासून पाण्याची वाट बघणारी, दोनदा गॅस विझवून पेटवणारी बाई रागावेल कुठून?

म्हणून माझी एक सूचना. भावनेचा शब्द एकटा पाठ करू नकोस, त्याचं क्रियापद सोबत घे. भीती वाटते. धाक असतो, तोही कुणाचा तरी, वडिलांचा किंवा मुख्याध्यापकांचा. धडकी भरते. दहशत बसते. धास्ती घेतली जाते आणि ती पुढच्या गोष्टीची असते, अजून न घडलेल्या. धसकाही घेतला जातो, पण तो घडून गेलेल्या गोष्टीचा, आणि एकदा घेतला की वर्षानुवर्षं सुटत नाही. कोशात हे सगळे ‘भय’ या एका शब्दापुढे स्वल्पविराम देऊन उभे केलेले दिसतात. ‘मला त्याचा धाक वाटला’ असं तू लिहिलं आहेस, ते ऐकायला कसंसंच वाटतं, आणि का वाटतं ते आता तुझं तुलाच कळेल.

आणखी एक गोष्ट इंदूरच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जास्त जपावी लागते. आपण दिवसभर हिंदीत वावरतो. शाळेत हिंदी, दुकानात हिंदी, गल्लीत हिंदी आणि मालवी, घरात मराठी. हिंदी आणि मराठीत पुष्कळ शब्द दिसायला एकच आहेत, आणि मनाच्या शब्दांत ते नेमके फसवतात. संताप हा मराठीत भडकलेला राग, हिंदीत मात्र खोल दुःख. मुलाच्या मृत्यूचा ‘संताप’ हिंदी लेखक सहज लिहील. मराठी वाचक विचारेल, डॉक्टरवर का? अभिमान आपण कौतुकानं मिरवतो, हिंदीत तो बहुधा गर्वाच्या अंगानं जातो. माया आपल्याकडे आजी लावते. हिंदीत ती मोहात पाडते नाहीतर तिजोरीत असते. ईर्ष्येनं अभ्यास केला म्हटलं की मराठी माणूस शाबासकी देतो, हिंदी माणूस मात्र म्हणेल, इतकी जलन बरी नाही. आणि खुद्द राग! ‘बाबांना राग आला’ याचं शब्दशः हिंदी करून मैत्रिणीला सांगितलंस, तर ती विचारेल, कौनसा, यमन की भूप? देवासला कुमार गंधर्व वर्षानुवर्षं राग गात राहिले, ते काही चिडून नव्हे.

तुझ्या गोष्टीतलं ‘मला गुस्सा येऊन गेला’ हे वाक्य मॅडमनी लाल शाईनं खोडलं आहे. त्यांनी ‘गुस्सा’ खोडला, मी तो ठेवला असता. गुस्सा, नाराज, खूश, शरम, दहशत हे फारसी-अरबीतून आलेले शब्द मराठीत इतकी वर्षं नांदताहेत की त्यांना आता पाहुणे म्हणणं शोभत नाही, आणि गोष्ट इंदूरच्या मुलीची असेल तर तिनं इंदूरसारखं बोलावं. चूक आहे ती पुढच्या शब्दांत. हिंदीत ‘आ गया’ म्हणजे आला. मराठीत ‘येऊन गेला’ म्हणजे आला आणि परतही गेला. तुझी नायिका तर पुढची दोन पानं धुमसतेच आहे.

हे दोन भाषांचं घर काही आजचं नाही. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरलं, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. लगेच पुढच्या वर्षी, १९१८ला, हिंदी साहित्य संमेलन याच गावात भरलं आणि अध्यक्षस्थानी गांधीजी होते. १९३५ साली तर गंमतच झाली, एकाच वर्षात दोन्ही संमेलनं इथं झाली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. (२००१चं मराठी संमेलनही इथलंच, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या.) गजानन माधव मुक्तिबोधांचं नाव तुला हिंदीच्या पुस्तकात भेटेल. घरात मराठी बोलणारा हा मुलगा होळकर कॉलेजातून १९३८ साली बी. ए. झाला आणि हिंदीतला मोठा कवी ठरला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘क्षिप्रा’ आहे, आपल्या उज्जैनची नदी. आई एक, घर एक, आणि मनातलं मांडायला एकानं हिंदी घेतली, दुसऱ्यानं मराठी. लहानपणी दोघं भांडले असतील तेव्हा ते कुठल्या भाषेत चिडले असतील, याचा मी उगाच विचार करत बसते.

यादी करणं वाईट, असं मात्र समजू नकोस. यादी करणाऱ्यांत आपल्या शेजारचाच एक मोठा माणूस आहे. अमरकोश लिहिणाऱ्या अमरसिंहाला परंपरा उज्जैनच्या विक्रमादित्याच्या नवरत्नांत बसवते. इतिहास त्याची हमी देत नाही, पण मालव्यातल्या माणसानं ते ऐकून खूश व्हायला हरकत नाही. त्याच्या कोशात रागाला सात शब्द आहेत: कोप, क्रोध, अमर्ष, रोष, प्रतिघ, रुट्, क्रुध्. त्यात ‘राग’ नाही! संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, प्रेम. अनुराग त्यातूनच आला. करुणेच्या शब्दांत त्यानं दया, कृपा, अनुकंपा यांच्या पंगतीत चक्क ‘घृणा’ बसवली आहे. ज्या शब्दाचा आज अर्थ तिरस्कार, तो तिथं दया होता. आणि पाठांतरासाठी श्लोक रचणारा हा माणूस काही ठिकाणी थांबतो आणि फोड करून सांगतो. लज्जेचे शब्द दिल्यावर तो म्हणतो, दुसऱ्यामुळे वाटणारी लाज ती अपत्रपा. असूया म्हणजे नुसती जळफळ नव्हे, दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणं. वर्गातली एक मुलगी छान गाते आणि दुसरी म्हणते, ‘हो, पण किती हातवारे करते’, ती असूया. तिच्यासारखं आपल्यालाही गाता यावं असं वाटलं, तर तो हेवा. हेव्यात मला फारसं पाप दिसत नाही.

दुःखाकडे येते. इथं तुझी यादी सगळ्यात लंगडी आहे, कारण ती संस्कृतावर थांबली: शोक, खेद, विषाद, व्यथा, यातना. शोकाला कारण लागतं, आणि ते बहुधा मरणाचं. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ला, मुलगा मालेराव १७६७ला. त्याला शोक म्हणायचं. हे वाचून तुला-मला जे वाटतं ती हळहळ. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीची असते आणि तिला अंतर लागतं. स्वतःच्या मुलासाठी कुणी हळहळत नाही. शोकाच्या जागी हळहळ लिहिलीस तर अहिल्याबाई परक्या होतील, आणि आपण शोक केला म्हटलंस तर ते ढोंग वाटेल.

मराठीचं खरं धन हळहळीसारख्या जोडशब्दांतच आहे, आणि ते बहुतेक घरातल्या बायकांच्या तोंडी टिकलं. निरोप घेऊन कुणी गेलं की लागते ती हुरहुर. तिला नेमकं कारण सांगता येत नाही. निकालाआधी धाकधूक होते. हो म्हणू की नाही म्हणू, यात जिवाची घालमेल होते. दुसऱ्याचं रडणं बघून पोटात कालवाकालव होते. तगमग अंगाचीही असते, तापात होते तशी. तळमळ रात्री अंथरुणावर होते, पण ती चांगल्या कामाचीही असू शकते. शाळा काढणाऱ्याला मुलांच्या शिक्षणाची तळमळ असते, तगमग नसते. चुटपुट आणि रुखरुख तर जुळ्या दिसतात. बघ, पाहुणी गेल्यावर आठवलं की तिची ओटी भरायची राहिली. लागली चुटपुट, उद्या फोन करून बोललं की संपेल. रुखरुख संपत नाही. आपण त्या वेळी गेलो असतो तर, हे वर्षांनंतरही टोचत राहतं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात शब्दापुढे पुष्कळदा वापराची उदाहरणंही दिलेली असतात. तुझ्या खिशातल्या कोशापेक्षा तो उघड, आणि अर्थाआधी उदाहरण वाच.

आनंदाबद्दल फार लिहीत नाही, तिथं तू कमी चुकली आहेस. अमरकोशात आनंदाला बारा शब्द आहेत, आपल्याला रंगपंचमीचा राजवाडा पुरेल. गेरेत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, रंगानं न्हाऊन नाचणाऱ्यांचा तो जल्लोष. गच्चीवरून बघत भजी खाणाऱ्यांची ती मौज. पहिल्यांदाच गेर बघायला आलेल्या चिमुरड्याचं अप्रूप, आणि त्याच्याकडे बघणाऱ्या आजोबांचं कौतुक. तू सगळ्यांना ‘आनंद झाला’ म्हणून मोकळी झालीस, आणि मग गर्दीत कोण कुठं उभं आहे तेच कळेनासं झालं.

एका जागी मात्र तू शब्द बदलू नकोस, काढूनच टाक. ताईला नापास झाल्याचं कळतं आणि ती पोळ्या लाटत राहते, असं तू लिहिलंस, इथवर उत्तम. पुढे ‘कारण ती मनातून फार दुःखी होती’ हे कशाला? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तेहतीस संचारी भाव सांगितले, त्यात एक आहे अवहित्था. मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं, हाच एक भाव. नट तो दाखवतो दुसरंच काहीतरी करून. तुझ्या ताईनं तो पोळी लाटून दाखवला, आणि तू मागून येऊन सांगून टाकलंस.

शेवटच्या पानावर आजोबा जुना वाडा विकून निघतात आणि ‘त्यांना दुःख झालं’. हे दुःख कुठलं, ते मी सांगणार नाही. तो वाडा त्यांनी नाइलाजानं विकला की मुलाच्या हट्टापायी, हे तू गोष्टीत कुठंच लिहिलेलं नाहीस. आधी ते ठरव. नाइलाज असेल तर एक शब्द येईल, हट्ट असेल तर दुसरा, आणि विकायला नको होता असं त्यांना मागाहून वाटणार असेल तर तिसरा. नव्यानं लिहिलेलं तेवढंच पान पाठव, सगळी गोष्ट नको. माझे डोळे आता संध्याकाळी लवकर थकतात.

आई-बाबांना आशीर्वाद.

तुझी,
आजी

ता. क. यादीत ‘त्वेष’ रागात घातला आहेस. तो रागापेक्षा लढणाऱ्याच्या आवेशाला जवळचा. क्रिकेटच्या गोष्टीसाठी राखून ठेव.