आधी विचारा, मग सांगा

पाच जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो. त्या सुमारास विद्यापीठांची वसतिगृहे बहुतांशी रिकामी असतात. तरीही खड्डे खणले जातात, रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. पुढचे चार महिने पाऊस त्या रोपांना सांभाळतो. कसोटी लागते ती मार्च ते मे या महिन्यांत. तेव्हा विद्यार्थी परीक्षेत गुंतलेले असतात, प्राध्यापक उत्तरपत्रिकांत, आणि पाण्याची नळी घेऊन उन्हात उभा असतो तो एकटा माळी. कुठे हातभर खणले की मुरूम लागतो, कोणत्या कोपऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, कोणते झाड या जमिनीत तग धरते, हे सारे त्याला ठाऊक असते. पण झाडे कुठे आणि कोणती लावायची हे ठरवणाऱ्या बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही.

आवार हिरवे, स्वच्छ आणि काटकसरीचे ठेवण्यात विद्यार्थी व कर्मचाऱ्यांचा सहभाग कसा वाढवावा, हा प्रश्न अनेक प्राचार्य आणि कुलगुरूंना मनापासून पडतो. त्याचे उत्तर या माळ्याच्या अनुपस्थितीत आहे, असे मला वाटते. आपण लोकांकडे हात मागतो, मत मागत नाही. ज्या कामात आपले मत नाही, ते काम माणूस सांगितले तेवढेच करतो.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरांतून गावोगावी बंधारे उभे राहिले, शोषखड्डे खणले गेले, हजारो तरुण घडले. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि 2003 मध्ये ते पुन्हा बजावले. आज बहुतेक पदवीधर हा विषय शिकून बाहेर पडतात. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात ऊर्जा, पाणी आणि कचरा यांविषयी विचारणा होते. ही सगळी पुण्याई मोठी आहे. पण गुण, तास आणि प्रमाणपत्र यांच्यासाठी केलेली गोष्ट ते पदरात पडले की थांबते. ती टिकायची तर माणसाला हे आवार आपले वाटावे लागते.

विद्यापीठाने लोकांना आधी विचारले तर काय घडते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरावेचकांच्या मुलांना शिकवायला वस्तीत गेल्या. शिकवता शिकवता त्या कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर उकिरड्यांवर हिंडल्या आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. प्रश्न अक्षरओळखीपुरता नव्हता. कचरा घराघरातच वेगळा झाला, तर या बायकांना घाणीत हात घालावा लागणार नाही, वेळ वाचेल आणि मालाला भाव येईल, हे तिथे कळले. 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचरावेचकांना ओळखपत्रे मिळाली, ती महापालिकेने मान्य केली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था स्थापन झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. शिकवायला गेलेले विद्यापीठ आधी स्वतः शिकले, म्हणून हे घडले.

आता कोणत्याही आवारातल्या कँटीनमागचा डबा पाहा. चहाचा अर्धा भरलेला कागदी कप त्यात पडतो. त्याखाली झेरॉक्सचे कोरे-पाठकोरे कागद असतात, वर वडापावची चटणी लागलेला कागद. कप कलंडतो आणि चहा खालच्या कागदात मुरतो. पाच मिनिटांपूर्वी भंगारवाल्याने वजनावर घेतला असता तो कागद आता कोणी घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशी तो चिकट लगदा हाताने उपसतात. कप टाकणाऱ्याने उरलेला चहा बेसिनमध्ये ओतून कप वेगळ्या डब्यात टाकला असता, तर कागदही वाचला असता आणि मावशींचे हातही. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर वर्गीकरणाची आणि शक्यतो ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. हजारो मुले जेवणाऱ्या विद्यापीठांनाही ती लागू झाली. पण या नियमामागे एका बाईचे हात आहेत, हे मुलांना मावशींशी बोलल्याशिवाय कळणार नाही. नवीन तुकडी आली की तिच्या स्वागत कार्यक्रमात पंधरा मिनिटे मावशींना द्यावीत. डबा कसा भरावा हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.

इथे एक अवघड प्रश्न समोर येतो. आपण 'कर्मचाऱ्यांचा सहभाग' म्हणतो तेव्हा कर्मचारी कोणाला म्हणतो? सफाई, सुरक्षा, बागकाम, मेस ही कामे आता अनेक ठिकाणी कंत्राटावर आहेत. ही माणसे आवारात सर्वांत आधी येतात, पण संस्थेच्या यादीत त्यांचे नाव नसते. कंत्राट बदलले की माणसे बदलतात आणि त्यांच्याबरोबर आवाराची जाणही निघून जाते. ज्यांच्या रोजगाराला शाश्वती नाही, त्यांच्या खांद्यावर आपण शाश्वत विकासाचे ओझे ठेवतो. हे न्यायाचे नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तीच गत आहे: त्यांना ठाऊक असते, पण कोणी विचारत नाही. माण, आटपाडी, आष्टी अशा दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या कितीतरी मुलामुलींनी टँकरची वाट पाहत उन्हाळे काढलेले असतात. पाण्याची किंमत त्यांना भाषणातून सांगावी लागत नाही. अनुभवातून आणि श्रमातून येणाऱ्या शहाणपणाचे मोल कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखले होते. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुले स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. श्रमाला तिथे शिक्षणाइतकाच मान होता. त्यांच्या नावाने आजही 'कमवा व शिका' योजना चालते. त्या योजनेतील मुलांकडे फाइली लावण्याबरोबर वसतिगृहाच्या पाण्याचा हिशेब का सोपवू नये?

हिशेब उघडा ठेवणे ही सहभागाची पहिली पायरी आहे. एका वर्गात 75 वॅटचे आठ पंखे धरा. ते रोज दोन तास रिकाम्या वर्गात फिरले तर 1.2 युनिट जातात. असे 50 वर्ग आणि वर्षाचे 200 दिवस धरले तर 12,000 युनिट होतात. हे गणित अकरावीच्या मुलालाही येईल, पण वीजबिल लेखा विभागाच्या फाइलीत बंद असेल तर तो करणार कसे? प्रत्येक इमारतीचे वीज आणि पाण्याचे आकडे दर महिन्याला सूचनाफलकावर लावले, तर मुले, प्राध्यापक, लिपिक, शिपाई सगळेच ते वाचतील आणि त्यावर बोलतील.

कोणी म्हणेल, पंखे बंद करून काय होणार, सौरऊर्जा आणि सांडपाणी शुद्धीकरण हे मोठे निर्णय तर वरच होतात. हे खरे आहे. म्हणूनच ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी आपला वाटा आधी उचलायला हवा. गळक्या नळाची तक्रार मुलाने तीनदा केली आणि प्लंबर आलाच नाही, तर चौथ्यांदा तो तक्रार करत नाही. उदासीनता बहुतेकदा अशी शिकवली जाते. तक्रारीचे काय झाले हे आठ दिवसांत कळवणे, एवढे जरी संस्थेने पाळले तरी पुष्कळ होईल.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होईल तेव्हा एवढे करा. आपल्या संस्थेच्या पर्यावरण समितीत एक माळी, एक सफाई कामगार, मेसमधला एक आचारी, एक वायरमन आणि वसतिगृहातील दोन विद्यार्थी घ्या. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवा आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. त्यांना आधी बोलू द्या आणि त्यांनी सांगितलेल्यांपैकी निदान एक गोष्ट दिवाळीच्या सुट्टीआधी करून दाखवा. सहभाग वाढवण्याची याहून सोपी आणि प्रामाणिक सुरुवात दुसरी नाही.