बंदरांतील अपघात आणि वांटलेला दोष

पेण-रोह्याकडील मंडळी ज्या काळीं धरमतरच्या आगबोटीनें मुंबईस जात, त्या काळीं धक्क्यास लागतांच 'सुखरूप पोहोंचलों' असें पत्र घरीं टाकीत. भय दर्याचें, बंदर म्हणजे अभय, ही त्यामागील समजूत. ती कितपत खरी, हा प्रश्न 18 डिसेंबर 2024 पासून आमच्या मनांत घोळत आहे. त्या दिवशीं मुंबई बंदराच्याच पाण्यांत, दिवसाउजेडीं, इंजिनाची चांचणी घेणारी नौदलाची वेगवान होडी घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर आदळली आणि 15 माणसें गेलीं.

अशा वेळीं 'दैव' हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. पण बंदरांतील अपघातांत दैवाला वाव थोडा असतो. 14 एप्रिल 1944 रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या पोटांत सुमारें 1,400 टन दारूगोळा होता, आणि त्याच्याच शेजारीं कापसाच्या गांठी! आग दुपारीं दोनच्या सुमारास दिसून आली. पहिला स्फोट 4 वाजून 6 मिनिटांनीं झाला. दोन तास हातीं होते. धक्क्यावर कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, अग्निशामक होते, दारूगोळ्याचे जाणकारही होते. जहाज जागींच बुडवावें, ओढून बाहेर न्यावें, कीं पाणी मारीत राहावें, याविषयीं मतें पुष्कळ होतीं. सर्वांवर चालेल असा हुकूम मात्र कोणाचाच नव्हता. 66 अग्निशामक गेले, सारे मिळून सातशेंहून अधिक. हेंच जहाज भर समुद्रांत असतें, तर निर्णय एकट्या कप्तानाचा असता. बंदरांत अधिकाराचे तुकडे होतात, आणि प्रत्येकजण आपला तुकडा सांभाळून उभा राहतो.

पुढें 69 वर्षांनीं, 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्रीनंतर, मुंबईच्या नौदल गोदींत 'सिंधुरक्षक' पाणबुडी स्फोट होऊन बुडाली; 18 जण दगावले. खलाशांकडून ठरलेल्या तासांहून अधिक काम घेतलें गेलें होतें व ते थकलेले होते, असा चौकशीचा निष्कर्ष महालेखापरीक्षकांनीं 2017 च्या अहवालांत नमूद केला. त्याच अहवालाप्रमाणें 2007-08 ते 2015-16 या काळांत नौदलांत 38 अपघात व 33 मृत्यु झाले. थकलेला हात चुकला, तर दोष हाताचा कीं त्यास विसांवा न देणाऱ्याचा?

हेतूवांचून पाप नाहीं, असें आम्हीं वर्गांत आयुष्यभर शिकविलें. वर सांगितलेल्यांपैकीं कोणाचाच हेतु वाईट नव्हता, म्हणून कोणीच दोषी नाहीं काय? दुसरें उत्तर असें कीं, दोष पुष्कळांचा असल्यामुळें प्रत्येकाचा थोडा. हें तर आम्हांस अधिकच अमान्य आहे. कर्ज चौघांत वांटलें कीं प्रत्येकाकडे पाव येतें. परंतु चौघांनीं सांभाळावयास घेतलेलें मूल विहिरींत पडलें, तर प्रत्येकावर पाव मुलाचा दोष येतो, असें कोण म्हणेल?

26 फेब्रुवारी 2014 रोजीं 'सिंधुरत्न' पाणबुडींत आग लागून दोन अधिकारी मृत्यु पावले, तेव्हां नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनीं नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशीं राजीनामा दिला. ती आग त्यांच्या हातून लागली नव्हती. आम्हांस या कृत्याविषयीं आदर आहे. एक शंका मात्र राहते. शिखरावरच्या माणसानें सारा दोष उचलला, म्हणजे खालच्या दहांस आपापला विसरणें सोपें जात नाहीं ना?

'नीलकमल'च्या बाबतींत चांचणी वर्दळीच्या पाण्यांत कोणी घेऊं दिली, लाँचवर शंभराहून अधिक माणसें कोणी चढविलीं, हें विचारलें गेलें, आणि तें योग्यच झालें. परंतु आम्ही स्वतः रेवसच्या लाँचमध्यें कित्येकदां बसलों आहों. गर्दी दिसत होती. जीवरक्षक जाकिटें छताखालीं बांधलेलीं होतीं. इतक्या वर्षांत तीं एकदांही आम्हीं मागितलीं नाहींत. शेजारीं बसलेल्या विद्यार्थ्यासाठींही नाहीं.