गाणाऱ्याने रचायचं कधी?

सोलापूरहून वाडीच्या दिशेने जाणारी गाडी अक्कलकोट रोड मागे टाकते, तशी डब्यातली बोली बदलू लागते. दुधनी येईपर्यंत मराठी वाक्याचा शेवट कन्नडमध्ये होतो आणि कन्नड वाक्याची सुरुवात मराठीत. अक्कलकोट तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राच्या कडेला आहे. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला गाणगापूर आणि कलबुर्गी. त्यामुळे इथे वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर दत्ताची मराठी पदं पडतात आणि सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनंही. बाराव्या शतकातल्या या शरणाच्या, म्हणजे लिंगायत संतकवीच्या, वचनांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी मुद्रा असते आणि तिच्यावरून वचन कुणाचं ते कळतं. म्हणजे रचना आणि रचणारा यांचं नातं या मुलखाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

तरीही अशा गावातल्या गोड गळ्याच्या पोराला घरचे, गुरुजी, भजनी मंडळी सांगतात ते एकच : आधी नीट शिक, बसव, पाठ कर. ‘स्वतःचं काही कर’ हा विचार त्याच्या मनात कधी यावा? या प्रश्नाला मराठी संगीताने गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

सुरुवातीला चाल ही गोष्ट सर्वांच्या मालकीची होती. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ आणि 1882 साली ‘सौभद्र’ रंगमंचावर आणलं. त्यांतल्या पदांना त्यांनी साक्या-दिंड्यांचे साचे वापरले, कानडी मुलखातल्या चाली वापरल्या. शब्द नवे, चाली ओळखीच्या. यात कुणाला काही कमीपणा वाटत नव्हता, कारण प्रेक्षकाला पद लगेच गुणगुणता येणं महत्त्वाचं होतं. पुढे 1911 च्या ‘मानापमान’ला कोल्हापूरकडच्या गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि हार्मोनियमवादक म्हणून नावाजलेले होते. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीला बसून त्यांनी जे ऐकलं, त्यातला ठुमरी-कजरीचा पूरबी रंग त्यांनी मराठी नाटकात आणला. साथ करणारा माणूस चाली देणारा झाला आणि नाटकाच्या नावाबरोबर त्याचंही नाव लोकांच्या तोंडी बसलं.

नाटकात हे घडलं, पण ख्यालाच्या मैफलीत रचना करणं बराच काळ बुजुर्गांचंच काम राहिलं. तिथे चीज, म्हणजे बंदिश, गुरूकडून मिळायची आणि ती मिळवायला वर्षं जायची. पंडित भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करून त्या स्वरलिपीत छापल्या, ‘क्रमिक पुस्तकमालिका’चे सहा भाग काढले आणि स्वतः ‘चतुर’ या नावाने रागाची लक्षणं सांगणारी लक्षणगीतं रचली. त्यांना हवं होतं ते जतन. त्यातून आणखी एक गोष्ट साधली, तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. चीज कागदावर आली की तिचा सांगाडा दिसतो : मुखडा कुठे उठतो, समेवर कोणता स्वर येतो, अंतरा कुठून वर चढतो. सांगाडा दिसला की तसाच दुसरा उभा करता येईल, हे तरुण गायकाच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही.

या साऱ्या प्रवासाचा सर्वांत लखलखीत दाखला म्हणजे कुमार गंधर्व. त्यांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी; जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत, कन्नड बोलणाऱ्या लिंगायत घरात झाला. वडिलांच्या नावातला सिद्धराम सोलापूर-दुधनीकडे आजही घरोघरी सापडेल. हा मुलगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं उभं करायचा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला बालपणीच मिळाली, अन् 1935 च्या अलाहाबादच्या परिषदेत अकरा वर्षांच्या या पोराने जाणकारांना थक्क केलं. अनुकरणाची एवढी ताकद असलेल्या मुलाने जन्मभर तेच केलं असतं, तरी लोक खूश राहिले असते.

वडिलांनी त्याला मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे ठेवलं, हे फार मोलाचं ठरलं. देवधर विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत-जात. एकच आवाज प्रमाण मानायची सक्ती तिथे नव्हती. नक्कल करणाऱ्या मुलाला ‘हे असंच का?’ असं विचारायची सवय तिथे लागली असावी.

1947 साली भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाने गाठलं. हवापालटासाठी जानेवारी 1948 मध्ये दोघं माळव्यातल्या देवासला आली. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. गायचं नाही, जोराने बोलायचंही नाही, नुसतं पडून राहायचं, अशी काही वर्षं गेली. स्ट्रेप्टोमायसिनने पुढे जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झालं.

या सक्तीच्या मौनात त्यांनी ऐकलं. बाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी, सणावारांची, ऋतूंची, लग्नाकार्याची माळवी गीतं. चार-पाच स्वरांत फिरणारी ती धून त्यांना परकी होती. भाषा त्यांची नव्हती, लहेजाही नव्हता. भानुमतींच्या साथीने त्यांनी ती गीतं गोळा केली, स्वरांसह लिहून काढली. पुन्हा पुन्हा ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की या छोट्या धुनांच्या पोटात राग दडलेले आहेत. शास्त्राने रागाला आरोह-अवरोह, वादी-संवादी दिले ते नंतर. त्याआधी कुणीतरी दळताना, पेरताना, पोराला निजवताना ते स्वर गुंफले होते. या जाणिवेतून त्यांनी ‘धुनउगम राग’ मांडले : मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा समोर आलेला गवई वेगळाच होता. 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झालं आणि त्यांच्या बंदिशी छापील रूपात लोकांपुढे आल्या. दुसरा भाग 1993 साली, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने आला.

कुमारांना रचनेची ओढ आजारपणामुळे लागली, असं सोपं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. ते अपुरं आहे. क्षय त्या काळी हजारोंना होत होता. त्यांच्याकडे आधीच तीन भाषांचा कान होता : घरात कन्नड, मुंबईत मराठी, चिजांमध्ये ब्रज. अनोळखी बोलीतल्या गाण्यापाशी थांबून राहायची तयारी अशाच कानाला असते. देवासमध्ये चौथी बोली कानी आली आणि गळा बंद असल्यामुळे ती लगेच गाऊन संपवता आली नाही. ती आत राहिली, घोळत राहिली.

आजच्या पिढीपुढची वाट आणखी वेगळी आहे. अजय-अतुल या भावंडांनी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं नाही. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या बदल्यांबरोबर ते पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांतून वाढले. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या मातीतून आलेल्या 2016 च्या ‘सैराट’ चित्रपटासाठी त्यांनी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन संगीत ध्वनिमुद्रित केलं. त्या व्हायोलिनांच्या ताफ्याखाली हलगीचा ठेका विरून गेला नाही, हे गावाकडच्या पोरांनी नेमकं ओळखलं.

दुधनीतल्या मुलाकडे आज मोबाइल आहे, त्यात तबला-तानपुरा आहे, चाल सुचली की तिथल्या तिथे मुद्रित करायची सोय आहे. टेंबे-कुमारांकडे यातलं काहीच नव्हतं. पण परीक्षेसाठी ठरलेल्या बंदिशी घोकून घेणाऱ्या वर्गात त्याला कुणी एकदा सांगायला हवं : आजी जात्यावर म्हणायची ती कन्नड ओवी घेऊन ये, तिचे स्वर लिही, आणि आठवडाभराने त्यातून निघालेलं तुझं काहीतरी वर्गाला ऐकव. यासाठी नवं अनुदान लागत नाही, नवी इमारत लागत नाही. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याची कच्ची, अडखळणारी चाल पूर्ण ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी आणखी एक मागायची.