समूहगीतातली आपली ओळ

आरामात बसा. पाठ टेकलेली चालेल. डोळे मिटा. शाळा-कॉलेजात असताना मे महिन्यात एखाद्या शिबिराला गेला असाल, राष्ट्र सेवा दलाच्या, स्काउटच्या, नाहीतर बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला, तर तिथलं एक गाणं मनात येऊ द्या. शब्द आठवायची घाई नको. आधी ठेका येईल.

ठेका आला की हाताकडे लक्ष द्या. बोटं मांडीवर आपोआप पडतायत का? पडू द्या. शिबिरातलं गाणं आपण नुसत्या कानांनी शिकलो नव्हतो. टाळीनं शिकलो, चालताना पावलांनी शिकलो, घमेली पुढच्याच्या हातात देता देता शिकलो. कागद कुणाकडेच नसायचा. पुढचा एक ओळ सांगायचा, मागून सगळे आपली म्हणायचे. १९४१ साली सेवा दल उभं राहिलं, पुढे कलापथकं गावोगाव फिरली, साने गुरुजींची प्रार्थना घराघरांत गेली, ती बरीचशी अशीच, तोंडातोंडी.

आता थोडं मागे जा. संध्याकाळ. कार्यक्रमाआधी कुणीतरी डफ विस्तवावर धरून फिरवतोय. कातडं तापून ताणलं जातं, तो मधूनच बोटानं टिचकी मारून बघतो. पहिल्यांदा आवाज बसका, मग जरा मोकळा, मग खणखणीत. त्या तीन टिचक्या ऐका. तिथे थांबा, हवा तितका वेळ. दुपारच्या श्रमदानानं तळहाताला आलेले फोडही इथेच कुठेतरी हुळहुळतील.

दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त दाटीनं येतात, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. ते खरंच असेल. पण गाणं चांगलं होतं म्हणून लक्षात राहिलं, असं मला वाटत नाही. शिबिरातली कितीतरी गाणी बेताचीच असतात, आणि आपण ती बेसूर म्हणायचो.

आता गाणं मनात पहिल्यापासून म्हणा. सावकाश. कुठे अडलात?

बहुतेक पुढच्यानं सांगायच्या ओळीवर. आपल्या वाट्याची ओळ जशीच्या तशी असते, श्वास कुठे घ्यायचा तेही ठाऊक असतं. दुसऱ्याची मात्र पुसट होते. ती रिकामी जागा भरायला जाऊ नका. तेवढ्या मात्रा गप्प राहा आणि त्या जागी कुणाचा आवाज होता ते बघा. घोगरा होता? कंठ फुटत होता? चेहरा नाही आला तरी चालेल, शर्टाचा रंग येईल, उभं राहायची लकब येईल. मग आपली ओळ घ्या. पुन्हा गप्प. पुन्हा आपली.

आणि डोळे उघडलेत की तेव्हाच्या कुणाचा नंबर असेल तर फोन लावा. ख्यालीखुशाली नंतर. आधी दुसरं कडवं विचारा.