ती टिक करतं कोण?

वेब डेव्हलपरची रडगाणी आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. क्रोममध्ये छान दिसणारं पान सफारीत मोडतं. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटला "फक्त एक छोटासा बदल" आठवतो. दोन तास डोकं फोडल्यावर चूक एका स्वल्पविरामाची निघते. याचा वैताग येतो, पण झोप उडत नाही. माझी झोप उडवणारं काम जेमतेम एका शब्दाचं होतं.

तिकीट बुकिंगची साइट. पैसे भरायच्या पानावर प्रवास विम्याचा एक रिकामा चौकोन. तो आधीपासूनच टिक केलेला दिसावा, एवढंच काम. एचटीएमएलमध्ये त्यासाठी 'चेक्ड' असा एक शब्द लिहावा लागतो. मी लिहिला. चहा यायच्या आत काम संपलं.

पुढच्या महिन्यात बाबांनी दुसऱ्याच एका साइटवरून गावी जायचं तिकीट काढलं. रात्री फोन घेऊन माझ्याकडे आले. "हे विम्याचे पंधरा रुपये कसले रे? मी तर काही दाबलं नव्हतं."

"बाबा, ती टिक आधीच असते. आपण काढायची."

"मग ती करतं कोण?"

मी विषय बदलला.

माझ्याकडे उत्तरं होती. निर्णय माझा नव्हता, फायदाही माझा नव्हता. मी नकार दिला असता तर शेजारच्या टेबलावरच्या मुलानं पाच मिनिटांत केलं असतं. आणि रक्कम तरी केवढी?

रक्कम लहान आहे, खरंच. पण ती कोण भरतं? ज्याला बारीक अक्षर वाचता येत नाही तो, जो घाईत आहे तो, आणि ज्याचा पानावर विश्वास आहे तो. ज्याला विमा हवाय त्याला रिकामा चौकोनही पुरतो. म्हणजे टिक आधीच करून ठेवण्यातून जी जादा कमाई होते, ती लोकांच्या बेसावधपणाची असते. बाबांचे पंधरा रुपये तसेच गेले.

'दुसऱ्यानं केलंच असतं' हेही खरं आहे. पण बाबांचा प्रश्न काय झालं असतं हा नव्हता. कोण करतं, हा होता. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड आहे. कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली, ते ती सांगते. त्या ओळीपुढे माझं नाव येतं. मॅनेजरचं येत नाही, माझ्या घराच्या हप्त्याचाही उल्लेख नसतो. हे अन्यायाचं वाटतं, कारण माझ्यावर दबाव होता. तरी दबावामुळे माझा दोष हलका झाला, एवढंच म्हणता येईल. तो दुसऱ्याचा झाला नाही.

असल्या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार नोंदवले आहेत. न विचारता बिलात काही घुसवणं, म्हणजे 'बास्केट स्नीकिंग', त्यातलाच एक. पण नियम हाताशी नसता तरी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतंच.

'चेक्ड' या शब्दाची एक गंमत नवशिक्यांना हमखास चकवते. त्यापुढे 'फॉल्स' लिहिलं तरी चौकोन टिक केलेलाच दिसतो. ब्राउझर शब्द आहे की नाही एवढंच बघतो, पुढे काय लिहिलंय ते नाही. मनातून मला हे पटलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते 'फॉल्स' लिहिण्यासारखंच होतं.

गेल्या आठवड्यात मी टास्क पुन्हा उघडलं, नियमाचा दाखला दिला आणि तो शब्द काढायची परवानगी मागितली. "पुढच्या मीटिंगमध्ये बोलू," असं उत्तर आलं. मीटिंग सोमवारी आहे. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.